पोलादाचा कस, परवान्याची किंमत

भिंगारमध्ये वर्दी आणि कमरेचं पिस्तूल यांचं कुणाला फारसं अप्रूप नाही. नगर शहराला खेटून असलेलं हे छावणीचं गाव. १९४८ साली चिलखती दलाचं केंद्र आणि शाळा नगरला आली, पुढे यांत्रिकी पायदळाचं केंद्रही इथेच उभं राहिलं. नोकरी संपल्यावर मूळ गावी न परतता इथेच घर बांधून राहिलेले सुभेदारसाहेब आणि कर्नलसाहेब या भागात कमी नाहीत. रणगाड्याच्या बुर्जात लांब रायफल आडवी येते, म्हणून रणगाडेवाल्यांच्या वाट्याला पिस्तूल किंवा आखूड कार्बाईन येते. ज्या पिस्तुलावर त्यांच्यातल्या कित्येकांचा हात बसला, त्याचं सरकारी नाव 'पिस्टल ऑटो ९ एमएम १ए'. पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनलेलं, मुठीच्या दोन पट्ट्या सोडल्या तर सगळंच पोलादी, तेरा काडतुसांचं मॅगझीन, आणि उचललं की किलोभर वजनाची जाणीव करून देणारं.

गंमत अशी, की वीस-पंचवीस वर्षं हे पिस्तूल बाळगलेल्या माणसाला निवृत्त झाल्यावर तेच घरी ठेवायचं म्हटलं तर ठेवता येत नाही. सैन्य वापरतं ते ९ मिलिमीटरचं काडतूस ज्या पिस्तुलात बसतं, ते आपल्या शस्त्र नियमांनुसार 'प्रतिबंधित बोअर'चं ठरतं. त्याच्या परवान्याचा निर्णय जिल्हाधिकारी घेत नाहीत, तो दिल्लीतल्या गृह मंत्रालयाच्या हातात असतो. सामान्य परवानाधारकाला, मग तो माजी सैनिक का असेना, पिस्तूल घ्यायचं तर बहुधा .३२ बोअरवरच थांबावं लागतं. म्हणूनच आपल्याकडे जुन्या, अख्ख्या धातूच्या, सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलांची गोष्ट ही मुख्यतः .३२ ची गोष्ट आहे.

ही दोन्ही पिस्तुलं, सैन्याचं ९ एमएम आणि कपाटातलं .३२, एकाच माणसाच्या डोक्यातून निघालेली आहेत. जॉन मोझेस ब्राऊनिंग हा अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या ऑग्डेन गावचा बंदूक कारागीर, बापाच्या दुकानात शिकलेला. त्याचं स्लाईडवालं, म्हणजे वरचा भाग मागे-पुढे सरकणारं, पिस्तूल पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर बनवलं ते बेल्जियममधल्या लिएजजवळच्या हेर्स्टाल गावातल्या 'एफएन' कारखान्याने, १९०० च्या सुमारास. त्यासाठीच त्याने .३२ ऑटो हे काडतूस तयार केलं. युरोपात त्यालाच ७.६५ मिलिमीटर म्हणतात. १९०३ मध्ये अमेरिकेतल्या कोल्ट कंपनीने त्याच काडतुसासाठी आपलं खिशातलं पिस्तूल काढलं. १९११ मध्ये अमेरिकी सैन्याने ब्राऊनिंगचंच .४५ चं पिस्तूल स्वीकारलं आणि ते १९८५ पर्यंत वापरलं. १९२६ मध्ये लिएजमध्ये एफएनच्या कारखान्यातच ब्राऊनिंग वारला. त्याच्या टेबलावर अर्धवट राहिलेलं पिस्तूल दियूदोने सेव्ह या बेल्जियन अभियंत्याने पुरं केलं आणि ते १९३५ मध्ये बाजारात आलं. हेच 'हाय पॉवर'. दुसऱ्या महायुद्धात टोरांटोच्या इंग्लिस कारखान्याने ते चीनसाठी आणि दोस्त सैन्यांसाठी बनवलं. ईशापूरचं १ए हे त्याच घराण्यातलं.

आतली रचना मात्र .३२ ची आणि ९ एमएमची वेगळी आहे, आणि जुन्या पिस्तुलाचं वजन कशासाठी असतं ते या फरकातून कळतं. सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते. पण रिकामं टरफल बाहेर फेकणं, घोडा पुन्हा चढवणं आणि पुढचं काडतूस नळीत सरकवणं ही कामं पिस्तूल स्वतः करतं. त्यासाठी लागणारी ताकद सुटलेल्या गोळीच्या उलट धक्क्यातून मिळते. .३२ चा धक्का बेताचा असतो. तिथे नळी जागची हलत नाही. नळीचं मागचं तोंड फक्त स्लाईडच्या वजनाने आणि स्प्रिंगच्या जोराने बंद राहतं. दाराला कडी नाही, पण आतून एक जाडजूड माणूस पाठ टेकून उभा आहे, असा तो प्रकार. गोळी नळीबाहेर पडेपर्यंत तो माणूस जेमतेम हलतो, आणि दार उघडतं तेव्हा दाब ओसरलेला असतो. म्हणजे या पिस्तुलातलं पोलाद शोभेला नाही. त्याचं वजन हेच कुलूप आहे. ९ एमएमचा जोर जास्त, तिथे अशाने भागत नाही. हाय पॉवरमध्ये नळीच्या पाठीवरचे उंचवटे स्लाईडच्या आतल्या खाचांत अडकलेले असतात. दोघं मिळून काही मिलिमीटर मागे जातात, मग नळीची शेपटी खालच्या उतारावरून घसरून झुकते, अडकण सुटते आणि स्लाईड एकटीच पुढचा प्रवास करते. आजची बहुतेक प्लॅस्टिकच्या सांगाड्याची पिस्तुलंही, ग्लॉकसुद्धा, आतून याच युक्तीवर चालतात. १९८२ मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्याने ग्लॉक स्वीकारलं आणि रिकाम्या पिस्तुलाचं वजन सव्वासहाशे ग्रॅमच्या आसपास आलं; पण स्लाईड आणि नळी तिथेही पोलादाचीच राहिली. धातू गेला तो फक्त सांगाड्यातून.

सांगाडा कसा घडवला हे पाहण्यासारखं आहे. नगरला धातूच्या शस्त्रांची परंपरा जुनी. विजापूरच्या बुरुजावरची मुलूखमैदान तोफ १५४९ मध्ये नगरलाच ओतली गेली. पण ते ओतीव काम झालं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातलं चांगलं पिस्तूल ओतलेलं नसतं. तापवलेलं पोलाद घणाखाली दाबून ढोबळ आकार द्यायचा, मग मिलिंग मशिनवर तो कापत, कोरत न्यायचा. मूळ ठोकळ्यातलं बरंचसं पोलाद किसात जायचं. त्यानंतर पॉलिशवाल्याचा हात, आणि शेवटी निळाई. कोल्ट १९०३ च्या स्लाईडची वरची गोलाई कडेच्या सपाट भागाला जिथे मिळते ती रेघ बघावी: केसासारखी सरळ, कुठेही थरथर नाही. घोडा आत लपलेला, खिशातून काढताना अडकेल असा एकही कोपरा नाही. स्लाईडवर पुढचे पाय उचललेला घोडा आणि हार्टफर्डचा पत्ता कोरलेला. असं .३२ चं पिस्तूल कोल्टने १९४५ पर्यंत साडेपाच लाखांहून जास्त बनवलं. म्हणजे ते दुर्मीळ मुळीच नाही. हे लक्षात ठेवावं, कारण किमतीचा विषय पुढे यायचा आहे.

निळाई म्हणजे रंग नव्हे. जुन्या पद्धतीत साफ पोलादावर आम्लाचा पातळ हात फिरवून ते मुद्दाम गंजू देत. मग ते उकळत्या पाण्यात टाकलं की तांबूस गंज काळ्या ऑक्साईडमध्ये बदलतो. वरची सैल पूड तारेच्या मऊ ब्रशने झाडायची आणि पुन्हा गंजवायचं. असे अनेक हात झाल्यावर तो खोल, निळसर काळा थर बसतो. गंजाला गंजानेच अडवायचं, असा हा उलटा न्याय. चाप, पिना, स्क्रूची डोकी यांसारख्या बारक्या भागांना नुसती आच देऊनही रंग आणत: पोलाद सुमारे ३०० अंशांना पोचलं की पृष्ठभागावर मोरपंखी निळा उमटतो, आणि त्याआधी गवतासारखा पिवळा. हा थर कागदापेक्षा पातळ असतो. हाताच्या घामाने तो आधी मुठीच्या पुढच्या कडेला जातो, मग नळीच्या तोंडाशी. त्या जागा पांढुरक्या झालेल्या दिसल्या तर घाबरायचं कारण नाही, ते वयाचं लक्षण आहे. घाबरावं ते जुनं पिस्तूल नव्यासारखं चकाकताना दिसलं तर. आपल्याकडे जुन्या हत्याराला निकेल किंवा क्रोमचा मुलामा चढवून घ्यायची हौस फार. तो चढवण्याआधी बफवर घासाघास होते आणि त्यात कडा गोल होतात, स्क्रूच्या भोकांची तोंडं बशीसारखी पसरतात, कोरलेली अक्षरं पुसट होतात. एकदा गेलेली कड परत येत नाही. माझ्या मते मुलामा चढवलेल्या पिस्तुलापेक्षा झिजलेलं, पण कुणी हात न लावलेलं पिस्तूल केव्हाही चांगलं.

भिंग घेऊन बसावं ते ठशांसाठी. एफएनच्या पिस्तुलावर लिएजच्या चाचणी संस्थेचे ठसे सापडतात. वालथरवर जर्मन ठसा, आधीच्या काळात मुकुटाखाली 'एन', १९४० च्या सुमारास मुकुटाच्या जागी गरुड. वेब्ली अँड स्कॉटवर बर्मिंगहॅमचा. या प्रत्येक ठशामागे एक प्रसंग आहे: नळीत नेहमीपेक्षा जास्त दाबाचं काडतूस भरून ते उडवलं, नळी फुटली नाही, तडा गेला नाही, तेव्हा कुठे हातोडीचा ठोका पडला. मग क्रमांक पाहावा. सांगाड्यावरचा, आणि काही बनावटींत स्लाईड आणि नळीवरचाही. तिन्ही जुळले तर पिस्तूल जन्माला आलं तसंच आहे.

क्रमांकाचं महत्त्व आपल्या इतिहासाने एका वेगळ्याच रीतीने दाखवून दिलंय. महाराष्ट्रात या हत्याराचं नाव घरोघर पोचलं ते नाशिकमुळे. सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्यासोबत, पेटीच्या चोरकप्प्यातून वीस ब्राऊनिंग पिस्तुलं पाठवली, आणि त्यांतल्याच एका पिस्तुलाने अनंत कान्हेरे यांनी २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री विजयानंद नाट्यगृहात 'शारदा' नाटकाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. स्लाईडवालं पिस्तूल बाजारात येऊन तेव्हा जेमतेम दहा वर्षं झाली होती. सरकारी यंत्रणेचा भर अजून रिव्हॉल्व्हरवरच होता. त्यानंतर १७ डिसेंबर १९२८ ला लाहोरात पोलीस अधिकारी साँडर्सवर पहिली गोळी खेडच्या शिवराम राजगुरूंची आणि त्यामागून भगतसिंगांच्या .३२ कोल्टच्या. हे कोल्ट पुढे कुठे गेलं याचा माग सुटला होता. खटल्याच्या कागदांत क्रमांक तेवढा होता: १६८८९६. फिल्लौरच्या पोलीस अकादमीतून काही हत्यारं इंदूरला सीमा सुरक्षा दलाच्या शस्त्र प्रशिक्षण शाळेच्या संग्रहालयात गेली होती. गंज लागू नये म्हणून तिथल्या हत्यारांवर काळा रंग फासलेला. तो रंग खरवडल्यावर एका पिस्तुलावर तोच क्रमांक निघाला. २०१७ मध्ये ते पंजाबातल्या हुसैनीवालाच्या संग्रहालयात नेण्यात आलं. कुणाच्या हातात ते होतं हे पोलादाने सांगितलं नाही. पण सहा आकडे शाबूत ठेवले, आणि ते कागदाशी जुळले. नगरकरांना अवघड वाटणारी आठवणही याच जातीची आहे. गांधीजींवर ज्यातून गोळ्या झाडल्या गेल्या ते इटालियन बेरेटा १९३४ पिस्तूल न्यायालयाच्या कागदांत ६०६८२४ या क्रमांकाने ओळखलं जातं, आणि त्या खटल्यातले एक आरोपी विष्णू करकरे यांचं लॉजिंग-बोर्डिंग नगर शहरातलं.

अख्ख्या धातूचं म्हणजे दणकट, हा समज मात्र सोडून द्यायला हवा. स्थानिक बातम्यांत दर काही दिवसांनी 'गावठी कट्टा आणि जिवंत काडतुसे जप्त' असा मथळा असतो. त्यांतली कित्येक हत्यारं आता नुसते कट्टे राहिलेली नाहीत; मध्य प्रदेशच्या सीमेवरच्या उमर्टीसारख्या गावांत स्लाईड आणि मॅगझीन असलेल्या नकला बनतात. त्याही सगळ्या धातूच्याच. फरक असा, की तिथलं पोलाद कुठलं हे कुणालाच माहीत नसतं, त्याला पाणी नीट दिलेलं नसतं, नळीची दाबचाचणी झालेली नसते. कधी नळी फुटते, कधी स्लाईड मागे येऊन तोंडावर आदळते. लिएजचा ठसा आणि हा भंगार लोखंडाचा तुकडा यांच्यामधली दरी धातूची नाही, धातूवर केलेल्या कामाची आहे. बेकायदा हत्यार बाळगल्याबद्दल तुरुंगवास ठरलेलाच, पण कायदा बाजूला ठेवला तरी ते चालवणाऱ्याच्याच जिवावर बेततं.

आता किंमत. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून खासगी व्यक्तींना परदेशी हत्यारांची आयात जवळपास बंद झाली. त्याआधी आलेली कोल्ट, वालथर, एफएन, वेब्ली, स्पेनची लामा, चेकोस्लोव्हाकियाची सीझेड, एवढीच देशात फिरत राहिली. मागणी वाढली, माल आहे तेवढाच, आणि तोही दरवर्षी झिजणारा. परिणामी इतर देशांत जुन्या मोटारसायकलीपेक्षा स्वस्त जाणारं पिस्तूल इथे मोटारीच्या भावात मागितलं जाऊ लागलं. सैन्यातल्या मंडळींना एक वेगळी वाट होती: जबलपूरच्या सेंट्रल ऑर्डनन्स डेपोतून 'नॉन सर्व्हिस पॅटर्न', म्हणजे बोलण्यातलं 'एनएसपी' हत्यार. सैन्याच्या कामाचं नाही, पण विकता येतं, असं. छावणीच्या गावांतल्या कपाटांत काही जुनी .३२ याच वाटेने आली. इतरांना ऑर्डनन्स फॅक्टरीचं देशी .३२ 'अशनी' पिस्तूल, तेही ब्राऊनिंगच्या जुन्या धाटणीचं, किंवा कानपूरचं रिव्हॉल्व्हर. ही देशी पिस्तुलं परदेशी जुन्यांइतकी देखणी नाहीत, पण नवीन नळी, नवीन स्प्रिंगा आणि सुटे भाग मिळण्याची शक्यता, या तीन गोष्टींत त्यांची बाजू भक्कम आहे. 'इंपोर्टेड' या एका शब्दावर लाखो रुपये मोजणाऱ्याने नळीतून एकदा उजेडाकडे पाहावं. जुन्या काडतुसांच्या टोपीतल्या रसायनाने नळीत क्षार उरायचा, आणि त्याच दिवशी पाण्याने धुवून तेल न दिल्यास तो पोलाद खायचा. कित्येक देखण्या पिस्तुलांच्या नळ्या आतून देवीच्या व्रणांसारख्या खड्ड्यांनी भरलेल्या असतात ते यामुळे. माणसं स्लाईडवरचं नाव वाचतात आणि नळीत डोकावत नाहीत.

काडतुसं मात्र घरचीच. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. त्याच्या काडतुसांच्या बुडावर 'केएफ' असा ठसा असतो. किती विकत घ्यायची आणि किती बाळगायची याचा आकडा परवान्यावर लिहिलेला असतो. शतकापूर्वीच्या स्प्रिंगच्या पिस्तुलात ती फार उडवू नयेत, एवढं शहाणपण बहुतेक जाणते बाळगतात. स्लाईड परत येताना सांगाड्यावर आदळते, आणि मऊ पडलेली स्प्रिंग तो आघात झेलत नाही. मॅगझीनच्या ओठांना जरा मार लागला की काडतूस तिरकं चढतं. बिघाड पिस्तुलाचा समजला जातो, असतो मॅगझीनचा.

नगरची हवा पोलादाला मानवते. कोकणात जे पिस्तूल पावसाळाभर पुसत बसावं लागेल, ते इथे महिना-दोन महिन्यांनी एक तेलाचा फडका फिरवला तरी राहतं. इथे शत्रू पाऊस नाही, चामड्याचं म्यान आहे. चामडं कमावताना वापरलेले क्षार आणि आम्लं त्यात उरतात, ओल धरून ठेवतात, आणि म्यानात वर्षभर विसरलेल्या पिस्तुलावर त्या म्यानाच्या शिवणीचा नकाशा गंजाने उमटतो. म्यान खुंटीला, पिस्तूल तेल लावलेल्या सुती कापडात, कुलुपाच्या आत. आणि त्याआधी दोनदा तपासणी. मॅगझीन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं, या एका गैरसमजाने जितके अपघात झाले तितके दुसऱ्या कशाने झाले नसतील. नळीतलं काडतूस नळीतच असतं. हाय पॉवरमध्ये मॅगझीन नसताना चाप चालत नाही अशी सोय आहे, कोल्ट १९०३ च्या बहुतेक जुन्या प्रतींत ती नाही. शिवाय त्या काळच्या अनेक पिस्तुलांत पडल्यावर टोचणी अडवणारा आतला अडसर नसतो. नळीत काडतूस ठेवून ती बाळगायचीच नसतात.

कागदाचा भागही धातूइतकाच नाजूक आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला जास्तीत जास्त दोन अग्निशस्त्रं ठेवता येतात, पूर्वी तीन ठेवता यायची. वाडवडिलांकडून आलेल्यांनाही ही मर्यादा लागू आहे. परवाना आता पाच वर्षांचा. निवडणूक लागली की आदेशानुसार हत्यार पोलीस ठाण्यात जमा. या जमा करण्यात, पोत्यात एकमेकांवर पडलेल्या हत्यारांत, जुन्या निळाईचे जे हाल होतात ते मालकच जाणे. म्हणून ज्यांना परवडतं ते परवानाधारक विक्रेत्याकडे ठेवतात.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो मालक गेल्यावर. वडिलांचं कपाट उघडल्यावर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पिस्तूल निघतं. मुलाला वाटतं घरचीच वस्तू आहे, परवाना नंतर बघू. परवाना वडिलांच्या नावाचा होता, तो त्यांच्याबरोबर संपला. त्या क्षणापासून ते हत्यार कपाटात असणं हाच गुन्हा होऊ शकतो. विनाकारण उशीर न करता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे ते जमा करून पावती घ्यायची आणि मग वारस म्हणून जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज करायचा, इतर वारसांच्या ना-हरकतीसह. २०१६ च्या शस्त्र नियमांनी यापेक्षा बरी सोयही ठेवलेली आहे: परवानाधारकाचं वय सत्तर झालं असेल किंवा हत्यार पंचवीस वर्षं त्याच्याकडे असेल, तर तो हयातीतच आपल्या वारसाचं नाव देऊ शकतो. भिंगारमधल्या ज्या निवृत्त घरांत असं एखादं .३२ असेल, त्यांतली बहुतेक या दोन्ही अटींत केव्हाच बसलेली असणार. अर्ज करताना परवान्यावरचा क्रमांक सांगाड्यावरच्या क्रमांकाशी भिंग घेऊन ताडून पाहावा. हाताने लिहिलेल्या जुन्या परवान्यांत ३ आणि ८ यांची अदलाबदल झालेली निघते, आणि ती दुरुस्त करून घ्यायला मूळ मालक हयात असलेला बरा.